काकासाहेबांची गाडी, एकास वीस

९ जानेवारी २०२५

हो म्हणून बसलो. नको होतं म्हणायला.

दुपारी दुकानात नंबर प्लेट कापत होतो. रामप्रसादभाऊ आले—ट्रान्सपोर्टवाल्या काकासाहेबांचे चिरंजीव. हायवेवर, गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे त्यांच्या ट्रान्सपोर्टचं नवीन ऑफिस होतंय, त्याचा बोर्ड ठरवायला. काउंटरवर मी केलेली उसाच्या ट्रकची छोटी प्रतिकृती ठेवलेली असते. सनबोर्डच्या उरलेल्या तुकड्यांची, माझी पहिली बरी जमलेली. ती हातात घेऊन त्यांनी चाकं फिरवून पाहिली.

‘कोणी केली?’

दुकानाचे मालक भागवतशेठ म्हणाले, ‘आमच्या नागसेननं. येड्यावाणी बसून राह्यतो एकेका चाकापाशी. गिऱ्हाईक उभं अन् हा टायरचं नक्षीकाम करतो.’

रामप्रसादभाऊंनी मोबाइलमध्ये एक जुना फोटो दाखवला. ‘आमची पहिली गाडी. अशीच्या अशी पाहिजे. ऑफिसात शोकेसमध्ये ठेवायची. सोळा फेब्रुवारीला उद्घाटन हे. आबांना, म्हणजे आमच्या वडलांना, सांगितलं न्हाई, एकदम दाखवायचं.’

मी फोटो पाहिला आणि गाडी ओळखली. लांब नाकाची, सहा चाकी, हिरवी-पिवळी. त्या गाडीवर पप्पा एकोणीस वर्षं ड्रायव्हर होते. रामप्रसादभाऊंच्या ते लक्षात नसावं. त्यातली बरीच वर्षं ते पुण्याला होते.

माझ्याआधी भागवतशेठच म्हणाले, ‘होऊन जाईल.’ मग मीही म्हणालो.

१० जानेवारी

फोटो मोठा करून प्रिंट काढली. दसऱ्याचा आहे. नाकावर झेंडूचा हार, पुढे काकासाहेब, एक हात बॉनेटवर. फोटोत दुसरं माणूस नाही. पण ड्रायव्हरच्या खिडकीतून एक कोपर बाहेर आलेलं दिसतं. खाकी बाही. फोटो काढणाऱ्याच्या ते ध्यानात आलं नसेल.

मोजमाप ठरवलं: एकास वीस. वीस फुटांची वस्तू एक फुटाची. हिशेब तीनदा केला. तिन्ही वेळा तोच आला तरी चौथ्यांदा केला.

१२ जानेवारी, रविवार

जालन्याला जाऊन आलो. तिथे भंगारात तशाच नाकाची एक गाडी उभी आहे. टेप, वही, स्टीलची पट्टी घेऊन गेलो. भंगारवाले चाचा म्हणाले, ‘खरेदी करनी है क्या?’ म्हटलं, नाही, मोजायची आहे. ‘मोजके क्या करेगा?’ म्हटलं, छोटी बनवणार. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खुर्ची दिली. अडीच तास मोजलं. एकशे बारा मापं. निघताना चाचा म्हणाले, ‘इसके मालिक ने भी इतना नहीं देखा होगा इसको.’

बसमध्ये आठवलं—दहावीला भूमितीच्या पेपरला हात इतके थरथरले की कंपास कागदातून आरपार गेला. उठून आलो. पुन्हा बसलो नाही. आणि आज एकशे बारा मापं, एकही खाडाखोड नाही.

१४ जानेवारी

आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली. ‘तुझ्या पप्पापुढं त्या गाडीचं नाव नको काढू. बिलकुल नको.’

‘का पण?’

‘मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का? गाडी इकली तवा घरी आले, किल्ली देऊन आलो म्हणले, अन् मालकाच्या वाड्याकडं पुन्हा पाय टाकला न्हाई. चौदा वर्षं झाली. काकासाहेबाच्या लेकीच्या लग्नाचं आवतण आल्तं, तवाबी गेले न्हाई. मीच जाऊन आले.’

१८ जानेवारी

दुकानात दिवसभर एका टेम्पोच्या दारावरून जुन्या मालकाचं नाव आणि देवाचं कागदी चित्र काढत होतो. टेम्पो विकला गेलाय. नव्या मालकाला दार कोरं हवंय.

चित्र काढायचं म्हणजे सगळा खेळ कोपऱ्यांचा. घाई केली की कोपरा हातात येतो आणि चित्र जागेवर राहतं. ओलं फडकं लावायचं, अर्धा तास थांबायचं, मग ब्लेड आडवं धरून एकेक कोपरा सोडवायचा. चारही सुटले की चित्र आपोआप येतं.

भागवतशेठ म्हणाले, ‘ओरबाड की! फेकायचंच हे ना?’

फेकायचंच होतं. तरी चारही कोपरे शाबूत काढले. नव्या मालकाने ते घडी करून खिशात ठेवलं. म्हणाला, ‘आता फेकवत न्हाई राव.’

२१ जानेवारी

चेसिस झाली. धक्के झेलणारे खालचे पाटे—पार्सलवर बांधायची ती प्लास्टिकची पट्टी कापून, एकावर एक सात. अ‍ॅक्सलला सायकलचा स्पोक. टायरला हवाई चपलेचं रबर. गोल कापून त्यावर ब्लेडने नक्षी. एका टायरला बेचाळीस काप. सहा टायर आणि एक स्टेपनी. स्टेपनी झिजलेली दाखवायची की नवी? फोटोत दिसत नाही. झोप नीट लागत नाही अशा गोष्टींनी.

२४ जानेवारी

पप्पांना कळलं.

मी सकाळी अंगणात केबिनला पॉलिश पेपर मारत होतो. पप्पा बाजेवर बसलेले. शुगरने त्यांचे डोळे गेल्यापासून त्यांना उजेड कळतो, माणसाची आकृती कळते, बाकी सगळं बोटांनी. म्हणाले, ‘काय घासून राह्यला रे?’

‘गाडी.’

‘कोणती?’

खोटं बोलता येत नाही मला, निदान पटकन तरी. मी त्यांच्या हातात केबिन दिली. त्यांनी नाकावरून अंगठा फिरवला, मग जाळीवरून, मग दाराच्या खिडकीच्या काठावरून. बराच वेळ. मला वाटलं आता फेकतील.

‘नाक बारीक झालं,’ म्हणाले.

‘भंगारातल्या गाडीचं माप घेतलं पप्पा, बराबर वीसपट लहान—’

‘त्या गाडीचं घेतलं असंल. या गाडीचं नाक आपण पुढं वाढवून घेतल्तं. पाणी तापायचं जल्दी. मोठं रेडिएटर बसवलं होतं अंबडला.’ बोटांनी हवेत माप दाखवलं. ‘इतकं.’

केबिन परत दिली आणि आत गेले. मी त्यांचं ‘इतकं’ पट्टीने मोजून ठेवलं. चार इंच. म्हणजे माझ्या गाडीला पाच मिलिमीटर.

२५ जानेवारी

नाक तोडून पुन्हा केलं.

२८ जानेवारी

आता रोज संध्याकाळी पाचला पप्पा स्वतःच विचारतात, ‘आण बरं.’ मी आणतो. ते चाचपतात आणि चुका काढतात.

आजच्या चुका: उजव्या आरशाची दांडी वाकडी होती, कुंथलगिरीच्या घाटात एका म्हशीला घासली. गिअरच्या मुठीवर कापड गुंडाळलेलं होतं, उन्हाळ्यात हात भाजायचा. मागच्या दाराची, फाळक्याची, डावी कडी मूळची नव्हती, साखळी होती.

‘मोसंबी भरली की त्या बाजूला लोड यायचं,’ म्हणाले. ‘हैदराबादपर्यंत तीन जागी थांबून साखळी ओढायचो. म्होरं एक ढाबा होता, तिथला पोरगा म्हणायचा, “कचरूभाई आ गए, चैन टाइट करो.” चैन म्हणजे साखळी का चहा, त्याला एकच.’

हसले. मी पप्पांना त्या गाडीबद्दल बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी फक्त लिहून घेत होतो. आई दारातून पाहत होती.

२ फेब्रुवारी

हिरवा रंग तीन वेळा मिसळला. फोटोतला हिरवा तीसेक वर्षांपूर्वीच्या कागदाचा, तो खरा कसा मानायचा? पप्पांना विचारलं. ‘कच्च्या मोसंबीचा,’ म्हणाले. बाजारातून एक मोसंबी आणून शेजारी ठेवून मिसळला. जमला.

५ फेब्रुवारी

केबिनच्या आतलं काम. डॅशबोर्डवर समर्थांचा फोटो होता, तो लहान करून बसवला. पप्पा म्हणाले, ‘तो द्वारकाबाईंनी जांबेहून आणल्ता, स्वतः हातानं लावला. मी रोज पुसायचो.’ काकासाहेबांच्या पत्नी. आता नाहीत.

मी सीट चिकटवत होतो. ते एकदम म्हणाले, ‘वर झडप केली का?’

ड्रायव्हरच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून काचेच्या वर पट्टी असते, तिला ते झडप म्हणतात. नको तेव्हा छताला लावून ठेवायची, ऊन आलं की खाली ओढायची. म्हटलं, केली, छताला चिकटवणार आहे.

‘चिकटवू नको. ती उघडायची.’ मग थोड्या वेळाने: ‘तिच्यात फोटो होता.’

‘कोणाचा?’

‘बाबासाहेबांचा. निळ्या कोटातला. कॅलेंडरचा कापून लावला होता, खळीनं. पोस्टकार्डाहून जरासा लहान. छताकडच्या बाजूला. झडप वर असली की कोणाला दिसत न्हाई. ऊन आलं की खाली घ्यायची—मंग समोर ते.’

मी विचारलं, काकासाहेब नको म्हणाले असते का?

‘काय माहीत. म्हणायची येळच येऊ दिली न्हाई मी. गाडी त्यांची, देव त्यांचे. माझं काय, एक झडप.’ मग हसले, पण साखळीच्या वेळी हसले होते तसं नाही. ‘मालक शेजारी बसला की झडप खालीच घ्यायचो न्हाई. नांदेडपर्यंत ऊन तोंडावर. डोळे बारीक करून चालवायचो. एकोणीस वर्षं.’

हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही. इथेच लिहितोय.

६ फेब्रुवारी

आज उरलेलं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

२०११ साली पप्पा हसनाबादला आत्याच्या घरच्या लग्नाला गेले होते, आठ दिवस. परत आले तर गाडी विकलेली. नवा मालक दोन दिवसांनी न्यायला येणार होता. गाडी धुऊन, पुसून वाड्यासमोर उभी. पप्पांचं सामान पोत्यात भरून ओट्यावर ठेवलेलं—वाकळ, डबा, टॉर्च, दाढीचं सामान, सगळं. पप्पांनी केबिनमध्ये चढून झडप खाली घेतली. कोरी. पोतं उलटं करून पाहिलं. त्यातही नाही.

‘ओरबाडला असंल,’ म्हणाले. ‘धुणाऱ्या पोरानं खुरप्यानं. न्हाई तर त्यांनीच सांगितलं असंल काढायला. फेकला असंल नालीत.’

‘विचारलं नाही तुम्ही?’

‘काय विचारायचं? जी गोष्ट एकोणीस वर्षं लपवली, ती हरवली म्हणून विचारायची कशी?’

काकासाहेब ओट्यावरच बसले होते म्हणे. किल्ली त्यांच्या हातात दिली. ‘त्यांनी नजर वर केली न्हाई. मंग मला कळलं.’

९ फेब्रुवारी

झडप केली. वीस मिलिमीटर बाय आठ. कडेला गिटारची तार घालून बिजागरी. टाचणीच्या टोकाने उघडते, बंद होते. अकरा वेळा उघडून पाहिली.

फोटो स्टुडिओत रूपालीताईंकडून बारीक करून घेतला. सहा मिलिमीटर बाय चार. त्या म्हणाल्या, ‘इतका बारीक कशाला रे? मुंगीच्या घरात लावायचा का?’ पण नीट काढून दिला. भिंगातून चेहरा दिसतो. भिंगाशिवाय निळा कोट तेवढा कळतो. खळ करूनच चिकटवला. गव्हाच्या पिठाची, चिमूटभर.

पप्पांनी ते सांगितलं होतं, पण बसव असं म्हणाले नव्हते. मीच बसवला. चूक केली की काय कळत नाही.

१२ फेब्रुवारी

भागवतशेठना सांगितलं. सांगायला नको होतं, पण मनात राहत नव्हतं.

ते टेबल पुसत होते. म्हणाले, ‘हे बघ नागसेन. मला काही न्हाई. माझ्या दुकानात मी सगळ्यांचे फोटो छापतो, सगळ्यांना एकच भाव. पण गिऱ्हाईकानं मागितलं न्हाई ते बसवायचं न्हाई. उद्घाटनाला गाव येणार. हातात घेऊन बघणार. एखाद्यानं झडप उघडली अन् काही बोलला, तर कोणाचं तोंड धरशील? रामप्रसादभाऊ बोर्डाचं काम काढून घेईल ते येगळं. तुला बोलायला येतं का चारचौघात?’

येत नाही. हे त्यांना माहीत आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गाडी पूर्ण. चाकांमागच्या रबरी पट्टीवर थोडा चिखलही दाखवला—कॉफी आणि फेविकॉल. ताडपत्रीला जुन्या छत्रीचं कापड. आरशाची दांडी वाकडी, म्हशीची.

पाच वाजता पप्पांच्या हातात दिली. पाऊण तास त्यांनी ती सोडली नाही. साखळी चाचपली. गिअरच्या मुठीवरचं कापड चाचपलं. मग करंगळीचं नख खिडकीतून आत घातलं आणि वर शोधलं. झडप खाली आली.

‘बसवला का आत?’

‘हो.’

नखाने त्या सहा मिलिमीटरवर जरासं टेकवलं. ‘उघडतीय बराबर.’

‘हो.’

‘असू दे,’ म्हणाले. चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं.

१६ फेब्रुवारी

सकाळी सहा वाजता उठून झडप चिकटवून टाकली. दोन्ही टोकांना फेवीक्विकचा एकेक थेंब, छताला. फोटो आत, कोणाला दिसणार नाही. काढून टाकला नाही, एवढंच. हात अजिबात थरथरला नाही, याची लाज जास्त वाटते.

दहाला ऑफिसात पोचलो. गर्दी, मंडप, पेढे. रामप्रसादभाऊंनी गाडी टेबलावर ठेवून वर रुमाल टाकला. काकासाहेब काठी टेकत आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. रुमाल त्यांनीच काढला. मग खाली वाकून नाकापाशी तोंड नेलं.

‘नाक वाढवलेलं हे,’ म्हणाले. ‘हे फोटोत कळत न्हाई. कोणी सांगितलं तुला?’

‘माझ्या वडिलांनी.’

‘कोणाचा तू?’

‘कचरू ड्रायव्हरचा.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा गाडीकडे. साखळीला हात लावला, वाकड्या आरशाला लावला, हसले. ‘म्हैस,’ म्हणाले. शेजारच्यांना काही कळलं नाही.

मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, बोट आत घातलं आणि वर नेलं. मी पाहत होतो. ते झडप शोधत होते. सापडली. नखाने ओढली. नाही आली. पुन्हा ओढली.

‘ही उघडत न्हाई का?’

‘नाही साहेब. फिक्स आहे.’

‘गाडीत उघडायची.’

‘हो.’

‘कचरूनं सांगितलं न्हाई का तुला?’

‘सांगितलं. पण... नाजूक होती.’

बोट बाहेर काढून त्यांनी दार हळू लावलं. ‘माझ्यासंगं असला की ऊन तोंडावर घ्यायचा, पण झडप खाली करायचा न्हाई,’ म्हणाले. ‘लई येळा वाटायचं, म्हणावं, अरे घे खाली. म्हणलोच न्हाई.’ तेवढ्यात कोणीतरी हार घेऊन आलं.

सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी पेढा खिशात ठेवला आणि तो तिथेच चुरला.

संध्याकाळी पप्पांनी विचारलं, ‘आवडली?’

‘हो.’

‘झडप उघडली त्यांनी?’

‘नाही.’

‘न्हाईच उघडणार ते,’ म्हणाले. शांतपणे. जणू जुना हिशेब जुळला.

१७ फेब्रुवारी

दुकानात चुकून एका प्लेटचे दोन आकडे उलटे कापले. असं माझ्याकडून कधीच झालेलं नाही.

१८ फेब्रुवारी

काकासाहेबांनी झडप उघडायचा प्रयत्न केला होता. दोनदा. ती उघडली नाही ती माझ्यामुळे. आणि पप्पा तिकडे बाजेवर बसून एका माणसाला चौदा वर्षांत दुसऱ्यांदा दोष देतायत, त्यातला दुसरा माझा आहे.

उद्या सांगतो.

१९ फेब्रुवारी

सांगितलं नाही. जयंतीची मिरवणूक होती, दिवसभर झेंडे कापण्यात गेला. हे कारण नाही, माहीत आहे.

२० फेब्रुवारी

सांगितलं. पाच वाजता, त्यांच्या ‘आण बरं’च्या वेळेला. आता आणायला काही नव्हतं, म्हणून मीच जाऊन बसलो. सगळं एका दमात—फेवीक्विक, भागवतशेठ, बोट, नख, म्हैस, तोंडावरचं ऊन.

मला वाटलं ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, ‘कोणत्या बाजूची ओढली? क्लीनरची का ड्रायव्हरची?’

‘ड्रायव्हरची. क्लीनरच्या बाजूला हातच लावला नाही.’

‘सरळ तिकडंच गेला हात?’

‘हो.’

मग म्हणाले, ‘तू भ्यालास ते समजतं. मी काय येगळं केलं?’ उठले, भिंतीला हात लावत आत गेले.

आई म्हणाली, ‘काय झालं?’ म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, ‘तुमचं दोघांचं काही न्हाई, काही न्हाई करता करता माझं डोकं जायची पाळी आली.’

तिलाही सांगितलं मग. तिने चूल पुसता पुसता ऐकलं. ‘एकोणीस वर्षं माझ्यापासूनबी लपवला,’ म्हणाली. ‘मी काय मालक होते का?’

२२ फेब्रुवारी

पप्पा जेवतात, फिरतात, बोलत नाहीत. रागावलेले नाहीत. विचार करतायत. आज मात्र आईला म्हणाले, माझा धुतलेला सदरा कुठं हे. पण घातला नाही.

मी रामप्रसादभाऊंना फोन करणार होतो—झडप नीट करून देतो म्हणून. नंबर काढून तीनदा ठेवून दिला.

२४ फेब्रुवारी

फोन केला. रामप्रसादभाऊ म्हणाले, ‘अरे, मीच करणार होतो. गाडी आबांनी घरी नेलीय, शोकेसमध्ये ठेवूच देत न्हाईत. अन् काल त्यांच्या हातानं काहीतरी मोडलं. खोक्यात भरून ठेवलंय त्यांनी स्वतः. आमचा बद्रीनाथ आणून देईल उद्या.’

२५ फेब्रुवारी

बद्रीनाथ, त्यांचा ड्रायव्हर, खोकं देऊन गेला. घरी येऊन अंगणात पप्पांसमोर उघडलं. झडप बिजागरीतून निघालेली, ओढताना नख लागून आतला फोटो अर्धा खरवडलेला. गाडीखाली जुन्या परमिटचं प्लास्टिकचं पाकीट होतं. त्यात परमिट नव्हतं. कॅलेंडरच्या कागदाचं एक चित्र, निळ्या कोटाचं, मागे वाळलेल्या खळीचे पापुद्रे.

मी काही न बोलता पप्पांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा फिरवला. एक कोपरा, दुसरा, तिसरा. चौथ्यावर थांबले.

‘ओलं फडकं लावून काढलाय,’ म्हणाले. ‘शाबूत हे सगळे.’

मग आईकडे सदरा मागितला. आम्ही आता वाड्याकडे निघालोय.